मी, प्रेमिलाबाईंच्या उजव्या हातावरचा रहिवासी

मित्रांनो, मी एक जुना रहिवासी आहे. पत्ता लिहून घ्या: प्रेमिलाबाई, उजवा हात, अंगठ्याशेजारचं बोट, पाठीच्या बाजूला पहिलं पेर, तिथल्या एका बारीक लवीचं मूळ. गाव नागभीडकडच्या तलावांच्या मुलखात, जिल्हा चंद्रपूर. पिनकोड दिला नाही तरी चालेल, कारण मला पत्र कोणी पाठवत नाही. माझ्याकडे येतो तो फक्त साबण.

मी जिवाणू आहे. लगेच हात झटकू नका. झटकून मी जात नसतो, आणि तुमच्या हातावर माझेच चुलतभाऊ बसलेले आहेत. शाळेच्या भिंतीवर आमचं चित्र काढतात तेव्हा आम्हाला शिंगं, सुळे आणि लाल डोळे देतात. मला यातलं काहीच नाही. मी गोल, फिकट आणि पोटापुरतं खाणारा जीव आहे. तुमच्यापुढे रडगाणं गायला मी आलेलो नाही. मला कोणाकोणाचे आभार मानायचे आहेत, आणि ते मानायला एवढी गोष्ट सांगावी लागणार आहे.

आमच्यात एकाचे दोन होतात, दोनाचे चार. त्यामुळे कोण आजोबा आणि कोण नातू हे आम्हालाच कळत नाही. म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा सारं खानदान धरून बोलतो. प्रेमिलाबाई आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत. त्या जन्मल्या आणि त्यांच्या आईने त्यांना छातीशी धरलं, तेव्हा मी आईच्या अंगावरून इकडे आलो. तेव्हापासून इथेच आहे. हात जिथे जातो तिथे मी जातो, हात ऐकतो ते मी ऐकतो.

माझ्या घराची ओळख करून देतो. कातडीच्या पेशी खाली खोलात जन्मतात आणि साधारण महिनाभर वर सरकत राहतात. वर येता येता त्या चपट्या होतात, वाळतात, आणि शेवटी मेलेल्या अवस्थेत एकमेकींना घट्ट धरून भिंत उभी करतात. त्यांच्या सांध्यांत चरबीचा लेप असतो. पुढे त्या गळून पडतात आणि खालच्या त्यांची जागा घेतात. मरूनही दुसऱ्याला निवारा देणारी ही मंडळी आहेत. मी त्यांच्याविषयी कधी वाकडं बोलत नाही.

त्यांच्या अंगणातला घाम आणि तेलकटपणा मी खातो. बदल्यात मला जमेल ते करतो. भिंतीवर थोडा आंबटपणा टिकावा म्हणून हातभार लावतो, कारण आंबट जागी पुष्कळ उपद्रवी जीवांना तग धरता येत नाही. सांध्यांतल्या लेपासाठी थोडा माल मीही पुरवतो, म्हणजे अंगातलं पाणी उडून जात नाही. एखादा परका घुसू पाहतो तेव्हा त्याला बाधेल असा रस सोडतो.

भिंतीच्या आत पहारा असतो. तिथे फांद्या फुटलेल्या पेशी बसलेल्या असतात. त्या भिंत न फोडता सांध्यांतून आपली बोटं वर काढतात आणि मला चाचपतात. ओळख पटली की आत निरोप जातो की हा आपलाच आहे, असू द्या. मित्रांनो, अख्खं आयुष्य मी त्या एका निरोपावर जगलो आहे. मात्र भिंत फुटून मी रक्तात शिरलो तर मीही घात करू शकतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. माझी जागा भिंतीबाहेर आहे आणि मी ती सोडत नाही.

आता हाताविषयी. प्रेमिलाबाई मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातल्या. उन्हाळ्यात तलाव आटत आला की गावातल्या बायका रांगेने गुडघाभर पाण्यात उतरतात आणि चिखलात हात घालून मासे धरतात. जाळं नाही, गळ नाही. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, सगळं बोटांना कळावं लागतं. मरळ कुठे बसला आहे, शिंगी कुठल्या बाजूने सरकते आहे, हे प्रेमिलाबाईंच्या बोटाला क्षणात कळायचं. शिंगीच्या काट्याने मात्र त्यांना शंभरदा तरी टोचलं असेल.

काटा घुसला की भिंतीला भोक पडायचं. पेशी आरडाओरडा करायच्या, आतले पहारेकरी धावून यायचे, बोट लाल व्हायचं. अशा वेळी मी बाहेरून इशारा द्यायचो की बाबांनो, काम करा पण इतके पेटू नका. शिवाय आत काही पेशी अशा होत्या की त्या माझ्याच ओळखीने तयार झालेल्या. भिंत लवकर सांधून घ्यायची घाई त्यांना जास्त. चारपाच दिवसांत बोट पुन्हा चिखलात जायचं. प्रेमिलाबाईंना वाटायचं, आपली कातडीच टणक आहे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं, पण ते जाऊ द्या.

या हाताची दुसरी कीर्ती वेगळी होती. गावात कोणाकडे लेकरू झालं की त्याला न्हाऊ घालायला प्रेमिलाबाईंना बोलावणं यायचं. पाय लांब करून त्या पाटावर बसायच्या, लेकराला नडग्यांवर निजवायच्या आणि मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल दोन्ही तळव्यांना चोळायच्या. किती लेकरं त्या हाताखालून गेली याची गणती नाही. प्रत्येकाच्या अंगावर मीही थोडाथोडा उतरलो. आज तलावाच्या बांधावरून सायकल हाकणारी निम्मी पोरं माझी पाहुणचाराची घरं आहेत.

पण या बाईंच्या मनात एक गोष्ट होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांना पहिला मुलगा झाला होता. सातव्या महिन्यातच झाला आणि चौथ्या दिवशी गेला. त्या सकाळी त्या तलावावरून आल्या नव्हत्या, कुठेच गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या माशाच्या हातानेच काहीतरी लेकराला लागलं. हे त्यांनी नवऱ्याला, गोविंदाभाऊंना, कधी सांगितलं नाही. पुढे स्वप्निल झाला, वाढला, चंद्रपूरला कामाला लागला, तरी ते मनातून गेलं नाही. मी तेव्हा त्या हातावर होतो. लेकराची छाती कशी धापा टाकत होती ते मला ठाऊक आहे. त्याला श्वासच पुरत नव्हता. हातात काही दोष नव्हता. पण मला तोंड नाही, आणि त्याचं मला जितकं दुःख झालं तितकं कशाचंच झालं नाही.

यंदा स्वप्निलच्या बायकोला, रीताला, दिवस गेले. ती वरोऱ्याची. बाळंतपण इथेच करायचं ठरलं आणि प्रेमिलाबाईंचा आनंद पोटात मावेना. आशाताई रंजीता अंगणवाडीत बायकांना घेऊन बसल्या. बाळाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, हातावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सांगितलं ते अगदी बरोबर होतं. माझं त्यावर काही म्हणणं नाही, कारण चिखलातून आणि शौचातून येणारे जीव घातक असतात आणि साबणाने ते धुऊन जातात. मी कातडीत मुरलेला, म्हणून साबणानंतरही उरतो.

पण प्रेमिलाबाईंच्या कानात 'जंतू' एवढाच शब्द राहिला. एकोणतीस वर्षांच्या शंकेला त्या दिवशी नाव मिळालं.

गोविंदाभाऊ ग्रामपंचायतीच्या पाण्याचं काम बघतात. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायचं काम त्यांचंच, त्यामुळे पावडरची पिशवी घरात दाराआड असते. ते सकाळी बाहेर पडले की प्रेमिलाबाई त्या पिशवीकडे बघत बसायच्या. एक दिवस त्या आपल्याशीच म्हणाल्या, "हिरीतले जंतू मरतेत ह्यानं. मंग हातावरचे काऊन नाई मरणार?"

आता सांगा, यात चूक कुठे काढायची? विहिरीच्या गणिताने त्यांनी हाताचं गणित सोडवलं. घमेल्यात पाणी घेतलं, मूठभर पावडर ढवळली आणि दोन्ही हात बुडवून शंभरपर्यंत आकडे मोजले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तीन आठवडे.

पहिल्याच बुडीत माझं गाव ओसाड झालं. मी लवीच्या मुळाशी खोल होतो म्हणून वाचलो. वर येऊन पाहतो तो शेजारीपाजारी कोणी नाही. सांध्यांतला लेप धुऊन गेलेला, आंबटपणा पार उतरलेला, भिंतीच्या पेशी एकमेकींचा हात सोडून उभ्या. पहारेकरी बोटं वर काढून चाचपत होते आणि त्यांना ओळखीचं कोणीच लागत नव्हतं. ते बिथरले. हात तांबडा झाला, खाजू लागला, पांढऱ्या भेगा पडल्या. प्रेमिलाबाईंनी तळवा नाकाशी नेला. माशाचा वास गेला होता. त्या समाधानाने हसल्या, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांना आपल्या नातवंडासाठी हात चांगला करायचा होता.

त्यांच्याच नाकात माझा एक चुलतभाऊ राहायचा. तो पिवळसर, अंगाने माझ्यासारखाच, पण वृत्तीने दांडगट. एरवी तो हातावर आला की आम्ही सगळे मिळून त्याला टिकू देत नसू. आता जागा मोकळी होती. तशातच तलाव आटत आलेला, रांगेतला एक दिवसही चुकवायची प्रेमिलाबाईंना सवय नाही. फुटलेल्या हाताने त्या चिखलात उतरल्या आणि शिंगीने काटा मारला. त्याच बोटाला, माझ्याच पेराच्या पुढे.

काट्याच्या वाटेने तो दांडगट आत घुसला. मी एकटादुकटा काय करणार होतो? पहारेकरी धावले, आणि मित्रांनो, त्यांचे उपकार मी कसे सांगू! ते हजारोंनी येऊन लढले आणि तिथेच मेले. त्यांच्या प्रेतांचाच पू झाला. बोट वांग्यासारखं सुजलं.

बोट सुजलं त्याच दिवशी रीता तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या तेव्हा दारात ओवाळायला शेजारीण उभी होती. प्रेमिलाबाई चुलीपाशी, उजवा हात पदराखाली झाकून. त्यांनी लांबूनच नात पाहिली. घ्यायला पुढे झाल्या नाहीत. न्हाऊ घालायलाही शेजारणीलाच बोलावलं. गोविंदाभाऊंना वाटलं, तलावावरून थकून येते. रीताला वेगळंच वाटलं. ज्या बाईने गावभरच्या लेकरांना न्हाऊ घातलं ती घरच्या लेकीला हात लावत नाही, म्हणजे पोरगी झाल्याचं दुःख झालं असणार. ती भिंतीकडे तोंड करून रडायची, आणि प्रेमिलाबाई चुलीपाशी बसून ते रडणं ऐकायच्या. कारण सांगितलं असतं तर सुटलं असतं. पण सांगायचं तर एकोणतीस वर्षांपासूनचं सांगावं लागलं असतं.

सातव्या दिवशी रंजीताबाई बाळाचं वजन करायला आल्या. वजन ठीक होतं. वजनकाटा आवरता आवरता त्यांनी विचारलं, न्हाऊ कोण घालतं? उत्तर ऐकून त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि त्यांनी प्रेमिलाबाईंचा पदर बाजूला केला. बोट पाहून त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. काय लावलं, किती दिवस लावलं, हे सगळं त्यांनी काढून घेतलं.

"म्या तं साबणानं धुवा म्हनलं होतं बाई," त्या म्हणाल्या. "बिलिचिंग कुठी म्हनलं होतं?"

"साबणानं का होते?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "माह्या हातानं एक लेकरू गेलं. आता हे मले घालवाचं नाई."

गोविंदाभाऊ दारात उभे होते. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. ते आत आले, बायकोच्या शेजारी बसले. मग आटो आणायला ते स्वतःच गेले.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी बोट बधिर केलं, चीर दिली, पू काढला, पट्टी बांधली. आणखी दोन दिवस गेले असते तर पेर वाचलं नसतं, असं त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्या दांडगटाचा निकाल लागला, आणि त्याच्याबरोबर माझेही पुष्कळ आप्त गेले. औषधाला चुलतभावांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. तरी मी त्या गोळ्यांचा ऋणी आहे. घरच राहिलं नसतं तर मी कुठे राहिलो असतो?

पट्टी बांधून झाल्यावर प्रेमिलाबाई उठेनात. शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना त्या पहिल्या लेकराचं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी कितवा महिना होता, श्वास कसा चालला होता, हे शांतपणे विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी मी ठामपणे काही सांगू शकत नाही. पण सातव्या महिन्यातल्या बाळाची छाती तयार झालेली नसते, आणि तेव्हा इथे त्याला काही सोय नव्हती. तुमच्या हाताने गेलं असं मी म्हणणार नाही. त्याच हाताखाली इतकी मुलं न्हाली ना?" मग त्यांनी हेही सांगितलं की हातावरचे सगळे जंतू वैरी नसतात, काही आपल्याच घरचे राखणदार असतात, आणि पावडरने तुम्ही तेच आधी मारलेत. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याविषयी कोणी चांगला शब्द बोललेला मी पहिल्यांदा ऐकला. मी लवीच्या मुळाशी होतो तिथेच भरून पावलो.

पुढचे दोन आठवडे आम्ही घर बांधत होतो. खालून नव्या पेशी वर येत होत्या, सांध्यांत लेप भरत होता, मी एकाचे दोन, दोनाचे चार होत होतो. पावडर बंद, साधा साबण, वरून टोळीचं तेल. पहारेकऱ्यांनी चाचपलं, ओळखलं, आणि आत निरोप गेला. हात शांत झाला.

मला मात्र घाई झाली होती. नव्या लेकराच्या कातडीत पहिल्या काही आठवड्यांत शांत स्वभावाच्या पहारेकऱ्यांची मोठी तुकडी येऊन उतरते. त्या काळात जे भेटतात त्यांना ते आपले म्हणून लक्षात ठेवतात. नंतर गेलं की तीच माया मिळेल याची खात्री नसते. रीताच्या अंगावरची मंडळी नातीला भेटलीच होती, त्यामुळे पोरीचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते प्रेमिलाबाईंचं आणि माझं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, आता बाळाला घ्यायला हरकत नाही म्हणाल्या, तरी प्रेमिलाबाई दोन दिवस नुसत्या पाळण्याशी उभ्या राहून परत फिरत होत्या.

तिसऱ्या सकाळी रीताने पाणी तापवलं, अंगणात पाट मांडला आणि लेकीला घेऊन सासूपुढे उभी राहिली.

"मले नोको देऊ," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मले भेव वाटते."

"मले पन वाटते, आई," रीता म्हणाली. "मले हिले न्हाऊ घालता येत नाई. मी इतके दिवस समजून राह्यली होती का तुमाले पोरगी नोको. आता तुमी शिकवा. मी बाजूलेच बसतो."

पुढचं सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. हात साबणाने जरूर धुवा, जेवणाआधी, शौचानंतर, लेकराला घेण्याआधी. तेवढ्याने माझं काही बिघडत नाही. पण विहिरीचं औषध विहिरीलाच ठेवा. अंग घासून घासून निर्मळ करायच्या नादात ज्या भिंतीने तुम्हाला जपलं ती खरवडू नका. जखम झाली तर ती पदराखाली झाकू नका, आणि मनातलीही कोणाजवळ तरी उघडी करा. मी भिंतीबाहेर बसून तुमचं काम करतच राहीन, ओळख दिली नाहीत तरी.

प्रेमिलाबाईंनी साबणाने हात धुतले, एकदाच, आणि पुसले. पाय लांब करून पाटावर बसल्या. तळव्यांना तेल चोळलं. रीताने लेक त्यांच्या नडग्यांवर निजवली. त्यांनी श्वास रोखून पोरीच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि तिची छाती त्या हाताखाली मोकळी, भरपूर, वर-खाली होत राहिली. प्रेमिलाबाई ती मोजत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आली वो माय," त्या म्हणाल्या. "आली तुही आजी."

तेलाबरोबर मीही खाली उतरलो. कोवळ्या भिंतीच्या सांध्यातून एक इवलंसं बोट वर आलं आणि त्याने मला चाचपलं. मी हललो नाही. थोड्या वेळाने आत निरोप गेला की हा आपलाच आहे, असू द्या.